‘...आणि इतर’ : नगरच्या सदाशिव अमरापूरकरांविषयी एक दीर्घ धागा

(१)
चित्रपटाची श्रेयनामावली पडद्यावर येते तेव्हा आपण नायक-नायिकेची नावे वाचतो आणि पुढच्या नावांकडे दुर्लक्ष करतो. जुन्या भित्तिपत्रकांवर तर त्या पुढच्या मंडळींची बोळवण दोनच शब्दांत होई : ‘आणि इतर’. आजचा धागा त्या ‘इतरां’पैकी एकाविषयी आहे. त्यांचे नाव सदाशिव अमरापूरकर. हिंदी चित्रपटातील खलनायक म्हणून सारा देश त्यांना ओळखतो. आमच्या नगर जिल्ह्याचा माणूस म्हणून त्यांची ओळख मला फार उशिरा झाली. तो उशीर का झाला आणि त्यात माझे काय गमावले, हेही शेवटी सांगणार आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

(२)
माझे गाव शनिशिंगणापूर, तालुका नेवासे. गावाची ख्याती तुम्हांला ठाऊक असेलच. इथल्या घरांना चौकट असते, पण दार नसते. शनिदेवाच्या राखणीत चोरी होत नाही, अशी गावाची श्रद्धा आहे. २०११ साली इथे उघडलेली बँकेची शाखाही ‘बिनकुलपाची शाखा’ म्हणून देशभर गाजली. रात्री कुत्रे-मांजर आत शिरू नये म्हणून आमच्याकडे उंबऱ्यात एक फळी टेकवून ठेवीत, एवढाच काय तो आडोसा.

अशा घरात, सात-आठ वर्षांची असताना, मी चुलत भावंडांसोबत टीव्हीवर ‘सडक’ पाहिला. त्यातील ‘महाराणी’ पाहून माझी गाळण उडाली. रात्री झोप येईना. घराला दार नाही, ती सरळ आत आली तर? आजीने मला कुशीत ओढले आणि म्हणाली, “अगं येडे, त्यो आपल्या नगरचा माणूस हाय. तात्या म्हणत्यात त्याला. नाटकातला हाय त्यो. तुझ्या आजोबांना इचार, त्ये सांगतील.”

मी आजोबांना विचारले नाही. पुढेही कधी विचारले नाही.

(३)
आजोबा शेतकरी होते. तरुणपणी आसपासच्या गावांच्या जत्रांमध्ये जी नाटके होत, त्यांत ते काम करीत. त्यांच्या वाट्याला नेहमी सावकार यायचा, नाही तर दुष्ट पाटील. आवाज खर्जातला, भुवया जाड. नायकाचे काम त्यांना कधी मिळालेच नाही. जुने लोक त्यांना पारावर ‘सावकार’ म्हणूनच हाक मारीत आणि आजोबाही त्या हाकेला ओ देत. आम्हां नातवंडांना तो एक विनोद वाटे. हा तपशील लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी त्याकडे परत यायचे आहे.

(४)
आता थोडी पार्श्वभूमी. ‘चरित्र अभिनेता’ म्हणजे नेमके काय? नायक जिथे जातो तिथे प्रेक्षक त्याच्यासाठी येतो. चरित्र अभिनेत्यासाठी कोणी तिकीट काढत नाही. पण तो नसेल तर कथेतील जग खरे वाटत नाही. बाप, वकील, फौजदार, दारूडा, देवमाणूस, गुंड अशा माणसांनी पडद्यावरचे गाव वसवणे हे त्याचे काम.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हॉलिवूडमध्ये या वर्गाचा सुवर्णकाळ होता. वॉल्टर ब्रेनन हे त्याचे ठळक उदाहरण. साहाय्यक अभिनेत्यासाठी ऑस्कर द्यायला सुरुवात झाली ती १९३६ च्या चित्रपटांपासून, आणि तो पहिला पुरस्कार ब्रेनन यांना मिळाला. पुढे १९३८ आणि १९४० च्या चित्रपटांसाठी आणखी दोन मिळाले. १९५७ पासून ‘द रिअल मॅककॉइज’ या दूरचित्रवाणी मालिकेतील म्हाताऱ्या आजोबांच्या रूपाने ते अमेरिकेच्या घराघरांत पोहोचले. चित्रपटातील दुय्यम माणूस दूरचित्रवाणीवर घरचा माणूस होतो, ही वाट तिथे तेव्हाच पडली होती.

(५)
आपल्याकडे काय घडत होते? फिल्मफेअरने साहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार १९५५ साली सुरू केला. तो पहिला पुरस्कार मिळाला ‘बूट पॉलिश’मधील जॉन चाचाच्या भूमिकेसाठी डेव्हिड यांना. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहून मराठी झालेल्या यहुदी समाजाचे. आडनावातच चेऊल, म्हणजे चौल. हिंदी चित्रपटसृष्टीने ‘दुय्यम’ कामाचा पहिला मोठा सन्मान ज्याला दिला, तो असा आपल्या किनाऱ्यावरचा माणूस होता. इतिहासाच्या अभ्यासकाने आडनावांकडे बारकाईने पाहावे, ते यासाठी.

(६)
आडनावांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या शेजारच्या शेवगाव तालुक्यात अमरापूर नावाचे गाव आहे. ते नाव आडनावात वागवणारे सदाशिव अमरापूरकर यांचा जन्म ११ मे १९५० चा, अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर). जवळची माणसे त्यांना ‘तात्या’ म्हणत.

नगरने त्यांच्या आधीही चित्रपटसृष्टीला एक चेहरा दिला होता, तो शाहू मोडक यांचा. १९१८ साली नगरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या मोडकांनी पडद्यावर कृष्ण इतक्या वेळा साकारला की एका पिढीसाठी कृष्णाचा चेहरा तोच ठरला. प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) ज्ञानेश्वरही तेच झाले. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच जिल्ह्यातील एका ख्रिस्ती तरुणाने ज्ञानेश्वर उभा केला आणि महाराष्ट्राने तो आपला मानला. एका नगरकराच्या वाट्याला देव आला. दुसऱ्याच्या वाट्याला काय आले, ते आता पाहू.

(७)
अमरापूरकरांची सुरुवात रंगभूमीवर झाली. नगरच्या हौशी नाट्यवर्तुळात त्यांनी वर्षानुवर्षे अभिनय केला. हौशी रंगभूमी म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. दिवसा नोकरी किंवा व्यवसाय, रात्री तालमी, स्वतःच्या खिशातून नेपथ्य, आणि वर्षातून एकदा राज्य नाट्य स्पर्धेची वाट पाहणे. नगर, सांगली, नाशिक, सोलापूर अशा शहरांमध्ये या परंपरेने कसलेले नट घडवले. त्यांपैकी फारच थोडे मुंबईपर्यंत पोहोचले. उरलेले आपापल्या गावच्या आठवणीत राहिले आणि त्या आठवणींबरोबर संपले.

(८)
मोठ्या पडद्यावर त्यांची आरंभीची भूमिका कोणती होती, हे फार थोड्यांना माहीत असते. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ (१९७९) या मराठी चित्रपटात ते लोकमान्य टिळक झाले होते. पुण्यातील प्लेगच्या साथीत अधिकारी असलेल्या रँडच्या वधाची आणि चापेकर बंधूंची ही कथा. कारकीर्द सुरू झाली ती इतिहासातील एका थोर पुरुषाच्या भूमिकेने. ओळख मिळाली ती मात्र अगदी वेगळ्याच भूमिकेने.

(९)
१९८०-८२ च्या सुमारास भक्ती बर्वे आणि अविनाश मसुरेकर यांच्यासोबतचे ‘हँड्स अप’ हे त्यांचे व्यावसायिक नाटक गाजत होते. दिग्दर्शक गोविंद निहलानी यांची नजर त्यांच्यावर तिथे पडली. निहलानी तेव्हा ‘अर्धसत्य’ची जुळवाजुळव करीत होते. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि नायक फौजदार अनंत वेलणकर, म्हणजे ओम पुरी. त्या फौजदाराला पुरून उरणारा रामा शेट्टी अमरापूरकरांकडे आला. १९८३ साली चित्रपट प्रदर्शित झाला आणि नगरच्या या नटाला साहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९५५ साली डेव्हिड यांना मिळाला होता, तोच.

(१०)
रामा शेट्टी आजही पाहावा असा आहे. तोपर्यंतचा हिंदी खलनायक मोठ्याने हसायचा, त्याच्याकडे गुप्त अड्डे असायचे, लाल दिव्यांची यंत्रे असायची. रामा शेट्टी यांतले काहीच करत नाही. तो आवाज चढवत नाही. फौजदार अटक करायला दारात उभा असताना तो घाईसुद्धा करत नाही, कारण कोणाला दूरध्वनी केला की काय होईल, हे त्याला माहीत असते. त्याची सत्ता त्याच्या स्वस्थपणात आहे. असा स्वस्थपणा रंगमंचावर वर्षे घालवलेल्या नटालाच साधतो. थांबायचे कुठे आणि किती, हे तिथेच कळते.

(११)
आता हा चित्रपट त्याच्या काळात ठेवून पाहू. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव कोलमडू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनीच बंड केले आणि ते मोडण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. पोलीस असंतुष्ट, कामगार बेकार आणि दादा लोक निवडणुकीच्या उंबरठ्यावर, असे ते शहर होते. ‘अर्धसत्य’ आला तो त्याच्या पुढच्याच वर्षी. रामा शेट्टी नगरसेवकपदासाठी उभा राहतो, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला अतिशयोक्त वाटले नसेल. काळाच्या पोटात जी भीती असते तिला चेहरा लागतो, आणि तो चेहरा बहुधा चरित्र अभिनेत्यालाच द्यावा लागतो.

(१२)
यशाची किंमत पुढे मोजावी लागली. व्यावसायिक चित्रपटांनी त्यांना हाताशी धरले आणि एकच साचा पुढे केला. अनिल शर्मांच्या ‘हुकूमत’मध्ये (१९८७) धर्मेंद्र यांच्यासमोर ते खलनायक होते. चित्रपट प्रचंड चालला आणि मग तशाच भूमिकांची रांग लागली. यांतले बरेच चित्रपट आज पाहवत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण अशा चित्रपटांतही त्यांचे प्रसंग पाहताना एक गोष्ट जाणवते. ते पाट्या टाकत नाहीत. संवाद कितीही पोकळ असला तरी शब्द कुठे तोडायचा, नजर कुठे ठेवायची, याचा त्यांनी विचार केलेला दिसतो.

(१३)
मग १९९१ साली आला महेश भट्ट यांचा ‘सडक’. महाराणी, म्हणजे कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी व्यक्ती. फिल्मफेअरने १९९२ साली ‘खलभूमिकेतील सर्वोत्तम अभिनय’ असा स्वतंत्र पुरस्कार सुरू केला आणि तो पहिल्यांदा अमरापूरकरांना मिळाला. हा पुरस्कार २००७ पर्यंत दिला गेला आणि नंतर बंद झाला. हिंदी चित्रपटातील ‘खलनायक’ हे स्वतंत्र खाते किती वर्षे तग धरून होते, याची ही एक नोंदच म्हणायची.

इथे एक अडचणीचा प्रश्न टाळता येणार नाही. महाराणीचा अभिनय असामान्य आहे; पण आधीच हेटाळणी सोसणाऱ्या समाजाला त्या भूमिकेने आणखी भयावह केले, हेही खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली ती एप्रिल २०१४ मध्ये. अमरापूरकर गेले ते त्याच वर्षी नोव्हेंबरात. लहानपणी त्या रात्री मला नेमके कोणाचे भय वाटत होते, त्या नटाचे की त्या समाजाचे, हा प्रश्न मी आज स्वतःला विचारते. उत्तर फारसे सुखद नाही.

(१४)
साचा त्यांनी मोडला तो विनोदाने. डेव्हिड धवन यांच्या ‘आँखें’ (१९९३) आणि ‘कुली नंबर वन’ (१९९५) या चित्रपटांत, पुढे ‘इश्क’मध्ये (१९९७) प्रेक्षक त्यांना पाहून हसू लागले. ‘कुली नंबर वन’मधला लग्न जुळवणारा मध्यस्थ शादीराम घरजोडे आठवा. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’ आणि ‘वास्तुपुरुष’ या चित्रपटांत ते होते. गुंड, मध्यस्थ, फौजदार, बाप अशा एकेका भूमिकेतून त्यांनी एक अख्खे गाव पडद्यावर वसवले.

(१५)
आता या धाग्यातील माझा सर्वांत आवडता दुवा.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे नेते अटकेत पडले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात आणले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद सारे तिथे होते. याच किल्ल्यात १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. १९८८ साली श्याम बेनेगल यांनी त्या ग्रंथावरून दूरदर्शनसाठी त्रेपन्न भागांची ‘भारत एक खोज’ ही मालिका केली. तिच्यात महात्मा फुले कोणी साकारले? सदाशिव अमरापूरकरांनी.

नगरच्या किल्ल्यात लिहिलेले पुस्तक चव्वेचाळीस वर्षांनी साऱ्या देशाच्या घराघरांत गेले आणि त्यात जोतीरावांचा चेहरा नगरच्याच एका नटाचा होता.

(१६)
हा दुवा इथेच संपत नाही. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढण्याआधी जोतीरावांनी नगरमध्ये अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांनी चालवलेली मुलींची शाळा पाहिली होती. त्या शाळेचा आपल्या मनावर झालेला परिणाम त्यांनी स्वतः नमूद केला आहे. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाचा संबंधही नगरशी जोडला जातो. म्हणजे नगर हे फुल्यांच्या कार्याच्या उगमापाशी असलेले एक गाव.

आणि हे सारे करणारा चेहरा कोणता? ‘हुकूमत’च्या खलनायकाचा. चित्रपटगृहात ज्याच्या मरणावर टाळ्या पडल्या, तोच माणूस पुढच्याच वर्षी दूरदर्शनवर मुलींना शाळेत बसवणारा जोतीराव झाला होता. शिव्याशापही त्याच चेहऱ्याला आणि आदरही त्याच चेहऱ्याला. नायकाला ही मुभा नसते; तो प्रत्येक चित्रपटात स्वतःच असतो. चरित्र अभिनेत्याला ती असते, आणि तीच त्याची श्रीमंती.

(१७)
पडद्याबाहेरचा माणूस कसा होता? महाराष्ट्रात पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा राहिला. त्यासाठी पैसा जमवायला डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा आदी कलावंतांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. अमरापूरकर त्या संचात होते. निळूभाऊंचा उल्लेख इथे मुद्दाम करते. पडद्यावर गावोगावच्या लेकीबाळींना ज्यांची धास्ती वाटे असे हे दोघे खलनायक. आणि प्रत्यक्षात हेच दोघे दुसऱ्याच्या कामासाठी स्वतःचा वेळ देणारे. समाज चेहरा पाहून माणूस ठरवतो, ही सवय किती चुकीची असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

(१८)
२०१३ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. नगर जिल्हा त्यात होरपळत होता. आमच्याकडे टँकर आला की आई, काकू, आम्ही पोरी सारे हंडे-कळशा घेऊन धावत असू. त्या वर्षी मार्चमध्ये होळीच्या दिवशी मुंबईत वर्सोव्यात, ते राहत होते त्या परिसरात, पाण्याचे फवारे सोडून नाच चालला होता. बासष्ट वर्षांचे अमरापूरकर त्या नासाडीला विरोध करायला गेले. त्यांना मारहाण झाली.

बातमी आमच्या घरी वाचली गेली तेव्हा आजोबा बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, “दुष्काळ पाहिलेला माणूस हाय त्यो.” हंडा उचलून घरात नेताना मी हे वाक्य ऐकले आणि विसरून गेले. त्याचा अर्थ पुष्कळ नंतर उमगला.

(१९)
मे २०१३ मध्ये भारतीय चित्रपटाला शंभर वर्षे झाली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला होता. या निमित्ताने ‘बॉम्बे टॉकीज’ हा चार लघुकथांचा चित्रपट आला. त्यातील दिबाकर बॅनर्जी यांची कथा सत्यजित राय यांच्या ‘पटलबाबू फिल्मस्टार’ या गोष्टीवर बेतलेली आहे. एका अयशस्वी नटाला योगायोगाने चित्रपटात अगदी नगण्य काम मिळते. तो नट म्हणजे नवाजुद्दीन सिद्दिकी. एका शब्दाचे काम. ते करावे की सोडून जावे? तेव्हा त्याचा दिवंगत नाट्यगुरू त्याच्यासमोर उभा राहतो, त्याला खडसावतो आणि कामाचा मोल-अर्थ सांगतो. हा गुरू अमरापूरकरांनी केला आहे.

‘इतर’ म्हणून तीस वर्षे काम केलेल्या नटाला कारकिर्दीच्या शेवटी ही भूमिका मिळावी! काम लहान असले तरी ते सर्वस्व ओतून करायचे असते, हे सांगणारी. मिळाली तर ही पाच-दहा मिनिटे अवश्य पाहा.

(२०)
३ नोव्हेंबर २०१४ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, अमरापूरकर गेले. दुसऱ्या दिवशी नगरला अंत्यसंस्कार झाले. आजोबांनी सकाळी लवकर धुतलेले धोतर नेसले, टोपी घातली आणि घोडेगावच्या फाट्यावरून नगरची एस.टी. धरली. मला म्हणाले, “चल येतीस का?” मी चौदा वर्षांची होते. मी म्हणाले, “एका व्हिलनसाठी इतक्या लांब कशाला?”

आजोबा काही बोलले नाहीत. एकटेच गेले आणि संध्याकाळी परत आले. त्यांना काय आठवले असेल, ते कोणाकोणाला भेटले असतील, पूर्वी कधी तात्यांचे नाटक त्यांनी नगरला पाहिले होते का, दोघांची कुठे गाठ पडली होती का, यांतले मी काही विचारले नाही. ‘तुझ्या आजोबांना इचार,’ असे आजी म्हणाली होती. मी विचारले नाही.

(२१)
आजोबा गेले तेव्हा मी पदवीच्या शेवटच्या वर्षात होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत जमिनीच्या कागदांखाली मला जत्रेतील एका नाटकाचे हस्तपत्रक सापडले. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. वर नाटकाचे नाव, खाली नायकाचे आणि नायिकेचे नाव ठळक अक्षरांत. बाकी सर्वांसाठी शेवटी दोन शब्द : ‘व इतर’. आजोबांचे नाव कुठेच नव्हते. तरीही त्यांनी तो कागद पन्नास वर्षे जपून ठेवला होता. ते ‘इतर’ म्हणजे आपण, हे त्यांना पक्के माहीत होते.

पुढे एम.ए. करताना मी माझ्या प्रबंधिकेसाठी ग्रामीण नाटकांतील दुय्यम नटांचा विषय मांडला. पहिला प्रश्न आला : साधने कुठे आहेत? प्रश्न योग्यच होता. साधन माझ्याच घरात होते, ओसरीवर बसून पान लावत होते, आणि मी त्याला कधी काही विचारले नव्हते. इतिहासाच्या विद्यार्थिनीसाठी याहून मोठी चूक कोणती, मला माहीत नाही.

(२२)
म्हणून हा धागा. अमरापूरकरांचे आयुष्य नोंदवलेले आहे. त्यांचे चित्रपट आहेत, पुरस्कार आहेत, बातम्या आहेत. त्यांच्या आयुष्यात मी माझ्या आजोबांचे आयुष्य शोधत असते, हे आता कबूल करते. एक नगरहून मुंबईला पोहोचला, दुसरा नेवासे तालुक्याच्या जत्रांपलीकडे गेला नाही; पण दोघांनी लोकांना हवा असलेला दुष्ट माणूस होऊन दाखवले आणि घरी येऊन आपापले साधे आयुष्य जगले.

आमच्या गावाला दार नाही, कारण एका देवाचा धाक आहे. ज्या देवाला सारे भितात तोच इथे राखणदार मानला जातो. लहानपणी हे मला विचित्र वाटे. आता वाटत नाही.

(२३)
तरुण वाचकांना शेवटी थोडे कामाचे. चित्रपटाचा इतिहास अभ्यासायचा असेल तर श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचा आणि नावे लिहून घ्या. जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका रद्दीत मिळतात. त्यांतील नटसंचाच्या याद्या जपून ठेवा. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हा ठेवा जतन करीत आहे. संधी मिळाल्यास तिथे जाऊन पाहा. आणि तुमच्या गावातील जत्रेच्या नाटकात कोणी सावकार, कोणी फौजदार, कोणी मामा होत असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि पहिला प्रश्न विचारा : ‘तुम्ही त्या नाटकात काय होता?’

उत्तर लांबेल. लांबू द्या.

धागा समाप्त. तुमच्या घरात किंवा गावात असे कोणी ‘इतर’ असतील, तर त्यांच्या परवानगीने त्यांचे नाव आणि त्यांनी केलेली भूमिका खाली लिहा. या वेळी ती यादी ‘आणि इतर’वर थांबवायची नाही.